यादीच्या पोटातली यादी

पंचतंत्राची रचना शिकवताना फळ्यावर कंस काढण्याची मला जुनी सवय आहे. विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्ट सांगतो, हा पहिला कंस. त्या गोष्टीत दमनक करटकाला दुसरी गोष्ट सांगतो, हा दुसरा. त्या दुसऱ्या गोष्टीतले एखादे पात्र तिसरी सांगू लागते, हा तिसरा. तास संपेपर्यंत फळा डावीकडे तोंड करून उभ्या असलेल्या कंसांनी भरून जातो. अशाच एका तासानंतर एम.ए.च्या वर्गातला एक मुलगा टेबलाजवळ आला आणि थोडे संकोचून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शेवटचे दोन कंस बंद केले नाहीत."

मी फळ्याकडे पाहिले. खरेच केले नव्हते.

"आमच्याकडे असं राहिलं तर खेळ सुरूच होत नाही," तो म्हणाला.

हे 'आमच्याकडे' म्हणजे कोठे, हे विचारल्यावर जे कळले, त्यातून हा लेख निघाला आहे. हा मुलगा सालेकसा तालुक्यातला, कचारगडाच्या परिसरातल्या एका गावचा. घरी गोंडी बोलणारी आजी, हातात एक जुना लॅपटॉप, आणि त्यावर 'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' नावाचा खेळ. अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या कंपनीचा हा खेळ 2010 साली आला. त्यात घोडेस्वार आहेत, किल्ले आहेत, परस्परांशी लढणारी राज्ये आहेत आणि सरदारांच्या घरांतून जमणारी लग्नेही आहेत. त्याची पुढची आवृत्ती 2020 पासून उपलब्ध आहे. पण ती या मुलाच्या लॅपटॉपला पेलत नाही. शिवाय त्याला खेळण्यापेक्षा खेळ बदलण्यात अधिक रस. मूळ खेळ तसाच ठेवून त्यातली माणसे, राज्ये, नियम बदलून नवा खेळ उभा करणे, याला 'मॉड' करणे म्हणतात. त्याला गोंडवनाचा मॉड करायचा होता. कचारगडापासून सुरू होणारा.

मला संगणकाच्या आज्ञावलीतले काही कळत नाही. तरीही त्याने उघडून दाखवलेल्या फाइली पाहून मी चकित झाले, कारण त्या मला वाचता येत होत्या. या खेळाची सामग्री पायथॉन या संगणकभाषेतल्या याद्यांमध्ये लिहिलेली असते. सैनिकांची एक यादी. तिच्यातला प्रत्येक सैनिक ही स्वतः एक नोंद, म्हणजे पुन्हा यादीच. त्या नोंदीत त्याच्या जवळच्या वस्तूंची आणखी एक यादी. राज्यांच्या यादीत प्रत्येक राज्याची नोंद, आणि त्या नोंदीच्या पोटात इतर राज्यांशी असलेल्या संबंधांची यादी. खेळातल्या कृतीसुद्धा अशाच : कृतीचे नाव, आणि मग चौकोनी कंसात एकाखाली एक आज्ञा, प्रत्येक आज्ञा आपल्या गोल कंसात. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात यादी. इंग्रजीतल्या 'नेस्ट' म्हणजे घरटे या शब्दावरून त्यांना 'नेस्टेड लिस्ट' म्हणतात. एकात एक बसणाऱ्या डब्यांच्या चळतीची आठवण व्हावी, अशी ही रचना.

तिचे दोनच नियम त्याने मला सांगितले. पहिला, दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम हवा. तो विसरला तर पायथॉन पहिल्या नोंदीला क्रियापद समजतो आणि दुसरीला तिचे कर्म. मग 'हिला हाक मारता येत नाही' अशा अर्थाची तक्रार करून थांबतो. एका स्वल्पविरामासाठी तो एकदा रात्रभर जागला होता. व्याकरणाचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देताना हा दाखला मी आजही वापरते. दुसरा नियम, जो कंस शेवटी उघडला तो आधी बंद व्हायला हवा. आतले आत मिटल्याशिवाय बाहेरचे मिटत नाही.

हा दुसरा नियम ऐकला आणि मला ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय आठवला. ज्ञानदेव श्रोत्यांना सांगत आहेत; त्यात संजय धृतराष्ट्राला सांगत आहे; त्यात श्रीकृष्ण अर्जुनाला. अध्यायाच्या अखेरीस प्रथम कृष्णार्जुनांचा संवाद मिटतो. मग संजयाचे विस्मित मनोगत येते आणि तोही थांबतो. मग ज्ञानदेव स्वतःच्या आवाजात पसायदान मागतात. आणि त्यानंतर अगदी शेवटी शके 1212 या वर्षाचा आणि लेखक झालेल्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. सर्वांत बाहेरचा कंस लिहून घेणाऱ्याचा! इतकी वर्षे हा भाग शिकवताना 'समारोप' एवढा एकच शब्द मी वापरत आले होते. तो चार कंसांचा, उलट क्रमाने मिटत जाणारा समारोप आहे, हे मला एका खेळाच्या फाइलीने दाखवले.

असो. त्याच्या मॉडकडे वळते.

कचारगड गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. रेल्वेने दरेकसा स्थानकावर उतरायचे, धनेगावच्या बाजूने डोंगराकडे जायचे आणि मग चढण. वर विशाल नैसर्गिक गुहा. गोंड समाजाच्या श्रद्धेत हे उगमस्थान आहे, आणि माघ पौर्णिमेला येथे अनेक राज्यांतून लोक जमतात. कथा अशी सांगतात : कली कंकालीची तेहतीस मुले जंगो रायताडच्या आश्रयाला वाढत होती. ती फार व्रात्य. शंभूने त्यांना या गुहेत कोंडले आणि तोंडाशी शिळा लावली. पुढे पारी कुपार लिंगो आला. त्याच्यासोबतच्या हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ आले आणि त्यांनी शिळा लोटली. शिळेखाली सापडून हिरासुका गेला, मुले सुटली. लिंगोने त्यांना शिकवले आणि समाजाची घडी बसवली. कोया पुनेमच्या परंपरेत साडेसातशे कुळे सांगितली जातात आणि प्रत्येक कुळाकडे जपण्यासाठी एक झाड, एक प्राणी, एक पक्षी. ही कुळे देवांच्या संख्येनुसार गटांत येतात. आपल्याकडे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे म्हणतात. आदिलाबादच्या राजगोंडांवर फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी 1948 साली लिहिलेल्या ग्रंथातही हेच चार गट आहेत. एकाच गटातली कुळे परस्परांची भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. दुसऱ्या गटातले ते सगा; लग्न त्यांच्याशी.

मोतीरावण कंगाली यांचे पुस्तक घेऊन बसलेल्या या मुलाला पहिल्याच वाचनात यादी दिसली, यात नवल नाही. त्याने वहीत लिहिले होते : [सात देवे, [कुळ, [झाड, प्राणी, पक्षी]], [कुळ, [झाड, प्राणी, पक्षी]]]. आणि असेच पुढे सहा, पाच, चार. "मॅडम, लिंगोने डेटा स्ट्रक्चर केलं होतं," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मी हसले, पण त्या वाक्यात खोटे काही नव्हते.

पहिला अपघात लवकरच झाला. चार गटांसाठी चार रिकाम्या याद्या हव्या होत्या. त्याने एक रिकामी यादी लिहिली आणि तिला चारने गुणले. पायथॉनमध्ये असे लिहिता येते. दिसायला चार याद्या दिसतात. प्रत्यक्षात ती एकच यादी असते आणि तिच्याकडे चार ठिकाणांहून बोट दाखवलेले असते. चार पेट्या नव्हेत, एकाच पेटीला चिकटवलेल्या चार चिठ्ठ्या. त्याने सात देव्यांत एक कुळ घातले, ते चारी गटांत उमटले. दुसरे सहांत घातले, तेही चारी गटांत. खेळ सुरू झाला तो बिनतक्रार; कारण व्याकरणात चूक नव्हती. पण एकाच गटात लग्न नाही हा नियम त्याने घातलेला होता, आणि आता प्रत्येक जण प्रत्येक गटात होता. पूर्ण गोंडवनात कोणाचेही लग्न जमेना.

हा प्रसंग त्याने आजीला सांगितला. आजी मनापासून हसली. सगळेच भाऊ-बहीण झाले तर पोरगी द्यायची कोणाच्या घरी, असे तिने विचारले. संगणकशास्त्रातल्या एका प्रसिद्ध चुकीचे इतके अचूक निदान मी दुसरीकडे ऐकलेले नाही. प्रत्येक गटाची यादी वेगळी निर्माण करावी लागते. एकीची नक्कल दाखवून चार झाल्या असे मानता येत नाही. त्याने ते दुरुस्त केले.

दुसरी अडचण मात्र दुरुस्तीने जाणारी नव्हती, आणि ती आजीनेच दाखवून दिली. लॅपटॉपच्या पडद्यावर चार रंगांचे चार गट नकाशात फिरत होते. त्याने त्यांना खेळातली चार राज्ये केले होते, कारण गटांची यादी घालायला तयार जागा तीच होती. या खेळात दोन राज्यांचे नाते एका आकड्याने सांगतात : उणे एकपासून अधिक एकपर्यंत. उणे म्हणजे वैर, अधिक म्हणजे मैत्री. एका राज्यातल्या लोकांची आपसातली एकजूट किती, यालाही एक आकडा असतो. आजीने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "हे एकमेकांना मारत का आहेत?" सगा म्हणजे ज्याच्या घरी मुलगी द्यायची आणि ज्याच्या घरची आणायची तो, त्याच्यावर घोडे कसे घालता?

मुलगा निरुत्तर झाला. त्याने तो प्रश्न माझ्याकडे आणला तेव्हा मीही झाले. आमच्या दोघांच्याही ध्यानात एकच गोष्ट आली नव्हती. यादी सांगते, कोण कोणाच्या आत आहे. पण ही व्यवस्था आत असण्याची नव्हतीच; ती समोरासमोर असण्याची होती. 'सात देवे' या शब्दाला एकट्याने अर्थ नाही; समोर सहा देवे उभा राहिला की तो अर्थ येतो. भाऊबंद जवळचे, म्हणून त्यांच्याशी लग्न नाही. सगा वेगळा, म्हणूनच त्याच्याशी सोयरीक. एका आकड्यात जवळीक आणि निषेध दोन्ही कसे लिहिणार? मुलाने राज्यांच्या यादीतून हे गट काढून टाकले. त्याऐवजी प्रत्येक पात्राला दोन खण दिले, एका खणात देवांची संख्या आणि दुसऱ्यात कुळ. लग्नाची बोलणी निघाली की दोघांचे खण ताडून पाहायचे. लढाया राहिल्या, पण त्या राज्याराज्यांच्या. आणि कोणत्याही राज्यात आता सर्व देवांचे लोक होते.

हे करताना त्याने मला आणखी एक गोष्ट समजावली. या साऱ्या याद्या फक्त घडवण्याच्या वेळी असतात. खेळ तयार होताना त्यांचे रूपांतर साध्या मजकुराच्या फाइलींत होते. तेथे कंस नसतात, ओळीने आकडे असतात. खेळणाऱ्याला त्या घड्या कधीच दिसत नाहीत. कोणी कोणाला कशाच्या आत ठेवले, हे फक्त ठेवणाऱ्याला ठाऊक असते.

त्याच आठवड्यात मी वर्गाला मराठी साहित्याच्या इतिहासाची माझी टिपणे वाटली होती. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक. आधुनिकाच्या पोटात साठोत्तरी. साठोत्तरीच्या पोटात ग्रामीण, दलित, स्त्रीवादी आणि शेवटी आदिवासी. लिंगोचे गीत यातही नव्हते. ते वेगळ्या पत्रिकेत, लोकसाहित्याच्या पोटात, मौखिक परंपरेच्या पोटात, 'आदिवासी गीते : काही नमुने' या ओळीत. मुलाने टिपण वाचून विचारले, "मॅडम, ज्ञानेश्वरी पण आधी सांगितलीच होती ना? मग ती साहित्यात आणि लिंगो नमुन्यात का?"

"सोयीसाठी," मी म्हणाले.

शिक्षकाला काही उत्तरे इतकी सवयीची झालेली असतात की ती देताना तो ऐकत नाही. हे उत्तर मी घरी जाऊन ऐकले. ही टिपणे कोणत्या मंडळाने माझ्यावर लादलेली नव्हती. ती मी स्वतः केलेली होती आणि दहाबारा वर्षे कौतुकाने वाटलेली होती. त्या यादीत कोणाला कोणाच्या आत ठेवायचे, हे मी ठरवले होते. विद्यार्थ्यांच्या हाती गेले ते सपाट कागद. घड्या माझ्याकडे राहिल्या. आणि यादीचा दोष तोच, जो मुलाच्या पहिल्या मॉडचा होता : समोरासमोर ठेवायच्या गोष्टी मी पोटात घातल्या होत्या.

पुढच्या माघ पौर्णिमेला मी त्या मुलाबरोबर आणि त्याच्या आजीबरोबर कचारगडला गेले. पिवळे झेंडे, पिवळे फेटे, ढोलांचे आवाज, आणि गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, मराठी, तेलुगू अशा भाषांची सरमिसळ. चढणीवर आजी दमली, आम्ही एका झाडाखाली बसलो. शेजारी सीमेपलीकडून आलेली तिच्याच वयाची एक बाई बसली होती. दोघींनी पाणी दिले-घेतले, गाव विचारले. मग आजीने विचारले, किती देवांच्या? बाईने आकडा सांगितला. आजीने आपलाही तोच असल्याचे सांगितले, आणि पुढच्याच वाक्यात ती तिला बहीण म्हणून हाक मारू लागली. दोघी कधी भेटलेल्या नव्हत्या, बहुधा पुन्हा भेटणारही नव्हत्या. तरी तेवढ्या एका आकड्याने त्यांची मुले-नातवंडे परस्परांची भावंडे झाली. आकडा वेगळा निघाला असता तर त्या विहीण होऊ शकल्या असत्या, आणि थट्टामस्करीचा सूर निराळाच लागला असता.

मुलगा हे टक लावून पाहत होता. ही यादी कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. कोणी विचारले तेव्हा ती उघडली, आणि नाते लागले तेव्हा मिटली.

परतताना त्याने मला सांगितले की त्याच्या मॉडमध्ये एक यादी रिकामी आहे. त्याच्या स्वतःच्या कुळाची. आजीने बाकी पुष्कळ सांगितले. पण आपले झाड, आपला प्राणी, आपला पक्षी या डब्यात घालू नको म्हणाली. खेळात शिकारही आहे. कोणी तरी त्यालाच मारील. मग त्याने तेथे दोन कंस लिहिले आणि मध्ये काही लिहिले नाही. पायथॉनला रिकामी यादी चालते. तिची लांबी शून्य, पण जागा पक्की. "काढून टाकली असती तर पुढचे सगळे क्रमांक सरकले असते," तो म्हणाला. मॉड अजून पुरा झालेला नाही. तो आता एका शाळेत शिकवतो आणि सुट्टीत त्यावर काम करतो.

मी माझी टिपणे बदलली, एवढे सांगून थांबते. कथनरचनेच्या तासाला आता ज्ञानेश्वरीसमोर लिंगोचे गीत असते. त्याचा सर्वांत जुना छापील पाठ नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांतून रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केला. त्या पाठातली कथा कचारगडच्या आजच्या कथेहून वेगळी आहे. तेथे कोंडणारा महादेव आहे. गोंडांपैकी चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहगढाला जातात. पण फळ्यावर कंस सारखेच काढता येतात. टेंपलच्या पुस्तकात हिस्लॉपची टिपणे. त्या टिपणांत गाणाऱ्या परधानाचा आवाज. त्या आवाजात लिंगो. ज्ञानेश्वरीत लिहून घेणाऱ्याचे नाव अखेरच्या ओवीत सन्मानाने येते. येथे गाणारा आपल्यापर्यंत 'एक परधान' एवढ्याच ओळखीने येतो.

ज्ञानेश्वरी आपण आतल्या कंसापासून वाचतो आणि बाहेर येतो. लिंगोचे गीत मात्र आपण दीडशे वर्षे सर्वांत बाहेरच्या कंसात उभे राहून, टेंपलच्या खांद्यावरून वाचत आलो. मीही तसेच शिकवले. आता त्या तासाला मी गाणाऱ्यासाठी दोन कंस काढते आणि मध्ये काही लिहीत नाही. एखादा विद्यार्थी दर वर्षी विचारतोच, की मॅडम, येथे काही राहिले आहे का.

राहिले आहे, असे मी त्याला सांगते, आणि बाकीचे कंस एकेक करून बंद करते.